धर्मगुरूचा मनोरा

इंग्लंडच्या उत्तर भागात, टाइन नदीच्या काठी, कॉर्ब्रिज नावाचे एक लहानसे गाव आहे. न्यूकॅसल शहरापासून ते पश्चिमेला साधारण पंचवीस-तीस किलोमीटरवर येते. आमच्या पूर्वीच्या धर्मग्रामातील एक कुटुंब न्यूकॅसल येथे स्थायिक झाले आहे. त्यांच्याकडे काही दिवस राहण्याचा योग आला असता, एके दिवशी त्यांनी आम्हांला हे गाव दाखवण्यास नेले. रोमन अवशेष पाहावेत, जुने चर्च पाहावे आणि संध्याकाळपर्यंत परतावे, असा साधा बेत होता. परंतु चर्चच्या आवारात पाऊल ठेवताच आमचे लक्ष वेधले ते एका चौकोनी, काळवंडलेल्या दगडी मनोऱ्याने. चर्चचा घंटा-मनोरा वेगळा होता. आवाराच्या कडेला, बाजारचौकाकडे तोंड करून उभी असलेली ही दुसरीच वास्तू होती. तिला अरुंद झरोके, माथ्यावर किल्ल्यासारखे कंगोरे आणि लोखंडाने मढवलेले दार होते. हा एखाद्या सरदाराचा गढीवजा वाडा असावा असे आम्हांला वाटले. यजमान म्हणाले, "फादर, हे इथल्या धर्मगुरूंचे घर होते."

क्षणभर आमचा विश्वास बसेना. किल्ल्याच्या तटाआड चर्चेस उभी असलेली आपण वसईत पाहिली आहेत. चर्च आणि दगडी तट यांचे शेजारपण आपणांस नवे नाही. परंतु एका साध्या ग्रामीण धर्मगुरूचे राहते घरच किल्ला असावे, हे आम्ही प्रथमच पाहत होतो. या मनोऱ्याला आजही 'व्हिकर्स पील' म्हणजे व्हिकरचा मनोरा असेच म्हणतात. तो तेथे का उभा राहिला, याची कथा वाचकांपुढे ठेवण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

कथेचा आरंभ दगडांपासून करावा लागेल. मनोऱ्याचे दगड इ. स.च्या चौदाव्या शतकात रचले गेले असले, तरी ते खाणीतून काढले गेले त्याच्या हजाराहून अधिक वर्षे आधी. गावाच्या पश्चिमेस एक किलोमीटरहूनही कमी अंतरावर रोमन साम्राज्याचे एक लष्करी ठाणे होते. पुढे त्याचेच नगर झाले. इ. स. १२२मध्ये सम्राट हेड्रियनने बांधावयास घेतलेली सुप्रसिद्ध भिंत येथून उत्तरेला चार-पाच किलोमीटरवरून जाते. त्या भिंतीवरील सैनिकांना धान्य, हत्यारे आणि पगार पुरवणाऱ्या या नगरात मोठमोठी कोठारे होती. पाचव्या शतकाच्या आरंभी रोमन सैन्य ब्रिटनमधून निघून गेले आणि ते नगर ओसाड पडले. मागे राहिले ते हजारो घडीव दगड. नव्या वसाहतीला ते आयतेच मिळाले. कॉर्ब्रिजच्या संत अँड्र्यू चर्चमध्ये, म्हणजे प्रेषित आंद्रेया याच्या नावाच्या मंदिरात, घंटा-मनोरा आणि मुख्य सभागृह यांच्यामध्ये जी कमान आहे, ती रोमन अवशेषांतून आणून तशीच्या तशी बसवली असावी असे जाणकार मानतात. या ठिकाणी मठ होता आणि इ. स. ७८६मध्ये तेथे एका बिशपांचा दीक्षाविधी झाला, अशी नोंद आहे.

या दगडांविषयी एक मौजेची हकिकत सांगितली जाते. इ. स. १२०१मध्ये इंग्लंडचा राजा जॉन येथे आला. एवढे मोठे प्राचीन नगर जमिनीखाली गाडले गेले आहे, तर त्यात सोनेनाणे असलेच पाहिजे, असे मानून त्याने खोदकाम करवले. हाती आले ते पितळ, लोखंड आणि शिसे यांच्या खुणा असलेले दगड. राजा निराश होऊन गेला. राजाने टाकून दिलेल्या त्याच धनातून पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी एका धर्मगुरूला आपला जीव आणि आपले सेवाकार्य राखणारे घर मिळाले.

तेराव्या शतकातील कॉर्ब्रिज हे आजच्यासारखे शांत खेडे नव्हते. नॉर्थम्बरलंड परगण्यात न्यूकॅसलच्या खालोखाल संपन्न गाव म्हणून त्याची ख्याती होती. नदीवर पूल, उत्तर-दक्षिण जाणारा जुना रोमन रस्ता, राजाच्या सनदेने भरणारा बाजार आणि जत्रा यांमुळे व्यापाराची भरभराट होती. बाराव्या शतकात येथे काही काळ नाणीही पाडली जात. संत अँड्र्यूच्या चर्चखेरीज पवित्र त्रैक्य, मारिया माता आणि संत हेलेना यांच्या नावांची आणखी तीन चर्चेस या एका गावात होती.

येथील धर्मगुरूला 'व्हिकर' का म्हणत, हेही समजून घेणे अगत्याचे आहे. राजा पहिला हेन्री याने बाराव्या शतकात या भागातील काही धर्मग्रामांचे उत्पन्न डोंगरापलीकडील कार्लाइल येथील ऑगस्टिनियन संघाच्या मठाला लावून दिले होते. त्यांत कॉर्ब्रिजही होते. अशा धर्मग्रामात धान्याच्या दशमांशाचा मोठा वाटा मठाकडे जाई. प्रत्यक्ष गावात राहून बाप्तिस्मे देणारा, लग्ने लावणारा, आजाऱ्यांपाशी जाणारा आणि मृतांना माती देणारा धर्मगुरू हा मठाच्या वतीने नेमलेला असे. लॅटिनमधील 'विकारियुस' या शब्दाचा अर्थच मुळी 'दुसऱ्याच्या जागी असलेला' असा आहे. धान्याचा मोठा ढीग दूर जाई आणि कोकरे, अंडी, मध, भाजीपाला अशा किरकोळ दशमांशांवर या माणसाने गुजराण करावी, अशीच त्या काळी सर्वत्र सर्वसाधारण रीत होती. एवढे मात्र खरे की गावावर संकट आले, तर ते या जागेवर असलेल्या माणसावर आधी येई.

आणि संकट आले. इ. स. १२८६मध्ये स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर मृत्यू पावला. त्याची एकुलती वारस असलेली बालिका नात १२९०मध्ये वारली. गादीसाठी अनेक दावेदार पुढे आले. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने पंच होऊन निवाडा केला आणि त्याबरोबर स्कॉटलंडवर आपले स्वामित्वही लादले. १२९६मध्ये युद्धाचा भडका उडाला. मार्चअखेरीस एडवर्डच्या सैन्याने बेरिक शहर घेतले आणि तेथील रहिवाशांची भीषण कत्तल केली. एप्रिलमध्ये स्कॉट सैन्य सीमा ओलांडून टाइनच्या खोऱ्यात उतरले. कॉर्ब्रिज जळाले. सहा किलोमीटरवरील हेक्सम येथील प्राचीन मठही आगीत सापडला. पुढे १३०१मध्ये एडवर्डने पोप आठवे बोनिफास यांना पाठवलेल्या पत्रात एक भयंकर आरोप केला. या स्वारीत स्कॉटांनी शाळेची दारे अडवून सुमारे दोनशे लहान विद्यार्थ्यांना आत जाळले, असे त्यात लिहिले होते. शत्रूने शत्रूवर केलेला आरोप तावूनसुलाखून घ्यावा लागतो, आणि बेरिकच्या कत्तलीचा धनी तो आरोप करीत होता, हेही विसरता येत नाही. तथापि अशा कथा त्या खोऱ्यात कोणत्या भयाने ऐकल्या गेल्या असतील, याची कल्पना करता येते.

येथे आम्हां कॅथलिकांना एक गोष्ट बोचल्याशिवाय राहत नाही. हे युद्ध दोन धर्मांचे नव्हते. दोन्ही बाजूंचे सैनिक एकाच पवित्र सभेचे सदस्य होते. तेच सात संस्कार, तीच लॅटिन मिस्सा, तेच पोप. कॉर्ब्रिजचे चर्च ज्या संत अँड्र्यूला वाहिलेले होते, तोच स्कॉटलंडचा आश्रयदाता संत. १३८५मध्ये तर स्कॉट सैनिकांनी अंगावर पुढे-मागे संत अँड्र्यूचा पांढरा क्रूस धारण करावा, असा हुकूमच निघाला होता.

या विसंगतीचे सर्वांत बोलके चित्र हेक्सममध्ये दिसते. सप्टेंबर १२९७मध्ये स्टर्लिंगच्या पुलावर इंग्रजांचा पाडाव केल्यानंतर विल्यम वॉलेसने नॉर्थम्बरलंडवर स्वारी केली. गिझबरो येथील वॉल्टर नावाच्या मठवासी बखरकाराने पुढील प्रसंग लिहून ठेवला आहे. जळालेल्या हेक्सम मठात तीन धर्मबंधू परत येऊन एका लहानशा प्रार्थनागृहात राहत होते. स्कॉट सैनिक भाले रोखून आत घुसले आणि मठाचा खजिना मागू लागले. सर्व काही तुमच्याच लोकांनी आधी नेले आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. इतक्यात वॉलेस आला. त्याने सैनिकांना मागे सारले आणि एका धर्मबंधूला मिस्सा करण्याची विनंती केली. मिस्सा सुरू झाली. पवित्र भाकर उंचावली गेल्यानंतर वॉलेस आपली शस्त्रे उतरवून ठेवण्यासाठी बाहेर गेला. तेवढ्या वेळात सैनिकांनी वेदीभोवती गर्दी केली आणि प्याला, वेदीवरील वस्त्रे, एवढेच नव्हे तर मिस्साग्रंथदेखील हिसकावून नेला. आरंभलेली मिस्सा पुरी करणेही धर्मगुरूला शक्य झाले नाही. परतलेल्या वॉलेसने चोरांना फाशी द्या अशी आज्ञा केली, पण ते सापडले नाहीत. ७ नोव्हेंबर १२९७ रोजी वॉलेस आणि त्याचा सहकारी अँड्र्यू मरे यांच्या नावाने हेक्सम मठाला अभयपत्र देण्यात आले. सेनापतीच्या मनात आदर होता आणि हाती अभयपत्र होते, तरी त्याची पाठ वळताच वेदी लुटली गेली. कागदी अभयावर विसंबता येत नाही, हा धडा टाइनकाठच्या धर्मगुरूंना त्या दिवशी मिळाला असेल.

पुढील वीस वर्षांत स्थिती अधिकच बिघडत गेली. १३०६नंतर रॉबर्ट ब्रूस याने स्कॉटलंडची धुरा घेतली. १३११मध्ये नॉर्थम्बरलंडच्या लोकांनी दोन हजार पौंड देऊन काही महिन्यांचा तह विकत घेतला. १३१२मध्ये ब्रूसच्या सैन्याने हेक्सम आणि कॉर्ब्रिज पुन्हा जाळले. जून १३१४मध्ये बॅनकबर्नच्या रणांगणावर इंग्रज सैन्य धुळीस मिळाले आणि सीमेचे रक्षण करणारे कोणी उरले नाही. कॉर्ब्रिजजवळच्या एडन येथील तटबंदीचा वाडा १३१५मध्ये स्कॉटांच्या हाती पडला. त्याच सुमारास अतिवृष्टीने युरोपभर पिके कुजली आणि १३१५ ते १३१७ हा महादुष्काळ पडला. १३१८मध्ये बेरिक शहरही गेले.

त्याच १३१८ साली चर्चच्या कागदपत्रांत एक वेगळीच नोंद झाली. १२९१मध्ये पोप चौथे निकोलस यांच्या काळात इंग्लंडमधील सर्व धर्मग्रामांच्या उत्पन्नाची मोजदाद झाली होती व त्यावर कर ठरला होता. आता यॉर्क महाधर्मप्रांतातील उत्तरेकडील धर्मग्रामांसाठी ही मोजदाद नव्याने करावी लागली, कारण जळालेल्या शेतांतून दशमांश येणार कोठून? 'नवी आकारणी' या नावाने ती प्रसिद्ध आहे. आकड्यांच्या त्या रुक्ष यादीत एका उद्ध्वस्त प्रदेशाचा विलाप दडलेला आहे. व्हिकरचा मनोराही याच सुमारास, १३१८च्या आगेमागे, उभा राहिला असे सामान्यतः मानले जाते. धर्मगुरूचे उत्पन्न सर्वांत खाली आले असताना त्याच्या घराच्या भिंती सर्वांत जाड झाल्या.

आता हा मनोरा जवळून पाहू या. तो तीन मजली आहे. भिंतींची जाडी चार फुटांहून अधिक आहे. तळमजल्याला दगडी कमानीचे छत आहे, कारण लाकडी छत असते तर खालून लावलेली आग वर चढली असती. प्रकाशापुरते अरुंद झरोके सोडल्यास त्याला खिडकी नाही. प्रवेशाचे दार लोखंडी पट्ट्यांच्या जाळीचे, लाकडी फळ्यांनी भरलेले आहे. दाराच्या आतून भिंतीच्या जाडीतच कोरलेला जिना वर चढतो, एका वेळी एकच मनुष्य जाईल इतका चिंचोळा. मधला मजला राहण्याचा. तेथे शेकोटी आहे, खिडक्यांच्या कोनाड्यांत बसण्याचे दगडी ओटे आहेत. सर्वांत वर निजण्याची व प्रार्थनेची जागा, आणि त्यावर कंगोऱ्यांचा कठडा. कोपऱ्यांवर पुढे आलेले लहान बुरूज आहेत. तेथून खाली भिंतीला भिडलेल्या शत्रूवर दगड टाकता येत.

अशा मनोऱ्यांना त्या भागात 'पील' म्हणतात. हा शब्द मूळ लॅटिन 'पालुस' म्हणजे खुंटा यावरून आला. आधी खुंट्यांच्या कुंपणाला पील म्हणत, मग कुंपणाने वेढलेल्या जागेला, आणि शेवटी कुंपणाची जागा घेणाऱ्या दगडी मनोऱ्याला. एका शब्दाच्या प्रवासात सीमेवरील माणसांची वाढत गेलेली भीती वाचता येते. १४१५मध्ये, राजा पाचवा हेन्री फ्रान्सच्या मोहिमेवर निघण्याच्या सुमारास, नॉर्थम्बरलंडमधील किल्ले आणि मनोरे यांची यादी करण्यात आली. त्या एका परगण्यात त्यांची संख्या शंभराहून अधिक भरली! कॉर्ब्रिजचा मनोरा त्या यादीत व्हिकरच्या नावावर आहे. असे राहणारा तो एकटाच नव्हता. एल्सडन, एम्बल्टन, रॉथबरीजवळचे व्हिटन अशा कितीतरी ठिकाणी धर्मगुरूंचे मनोरे होते आणि त्यांतील काही आजही उभे आहेत.

मात्र आमच्या मनात राहिला तो वरच्या भागातील एक लहानसा तपशील. एका बारीक खिडकीपाशी भिंतीतच घडवलेले दगडी पुस्तकपीठ आहे. मोठा ग्रंथ उघडून ठेवावा आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडात उभ्याने वाचावा, अशी त्याची तिरकी रचना आहे. मेणबत्त्या महाग होत्या. उत्तरेकडील हिवाळ्यात दिवस इवलासा असतो. तेवढ्या प्रकाशात प्रहराप्रहराची स्तोत्रे वाचणे हे त्या धर्मगुरूचे कर्तव्य होते. पाथरवटाने दगड माफक वापरायचे, दुष्काळाचे दिवस, सैन्य केव्हा येईल याचा नेम नाही. तरी त्याच्याकडून कोणीतरी हे पीठ करवून घेतले. बाकीचा सर्व मनोरा शत्रूचा विचार करून बांधलेला आहे. ही एक हातभर जागा मात्र शत्रूला विसरून केलेली आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळणे भाग आहे. तो प्रश्न आम्हांला त्या चौकात उभे असतानाच पडला होता. या मनोऱ्यात मावणार किती जण? तीन लहान खोल्या. गाव मात्र शेकडो माणसांचे. स्कॉट घोडेस्वार येत तेव्हा लोक गुरेढोरे हाकत रानात पळत, घरे जळताना दुरून पाहत. मग मेंढपाळ दगडी भिंतीआड आणि कळप रानात, हे प्रभूच्या शिकवणुकीत कोठे बसते? योहानच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील उत्तम मेंढपाळाचे वचन त्या व्हिकरनेही वाचले असणार, कदाचित त्याच पुस्तकपीठावर.

या प्रश्नाला त्या काळाने आणखी एक उत्तर दिले होते, तेही पाहू. धर्मगुरूंनीच शस्त्र हाती घ्यावे, हे ते उत्तर. २० सप्टेंबर १३१९ रोजी यॉर्कचे महागुरू विल्यम मेल्टन यांनी नागरिक आणि धर्मगुरू यांची घाईने जमवलेली फौज घेऊन मायटन येथे स्कॉटांना गाठले. कसलेल्या सैन्यापुढे तिचा निभाव लागला नाही. इतके धर्मगुरू मारले गेले की लोक त्या लढाईला उपरोधाने 'मायटनची धर्मसभा' म्हणू लागले. १३४६मध्ये डेव्हिड राजाचे स्कॉट सैन्य पुन्हा हेक्सम-कॉर्ब्रिजच्या वाटेने आले. १७ ऑक्टोबरला डरहमजवळ नेव्हिल्स क्रॉस येथे त्याचा पराभव होऊन राजा कैद झाला. त्या दिवशी इंग्रज सैन्याच्या एका तुकडीचे नेतृत्व यॉर्कचे महागुरू विल्यम झूश यांच्याकडे होते. इतिहासात ही लढाई विजय म्हणून नोंदली गेली आहे. परंतु त्या विजयाने कॉर्ब्रिजला शांती दिली नाही. तीनच वर्षांत इंग्लंडच्या उत्तरेत काळी महामारी शिरली. पुढे गावाची संपन्नता पूर्वपदावर आली नाही आणि चार चर्चेसपैकी एकच टिकून राहिले.

तिसरा मार्ग पळून जाण्याचा होता, आणि तो सर्वांत सोपा होता. उत्पन्न नाही, घर जळालेले, अशा धर्मग्रामात कोणी का राहावे? पळालेल्या धर्मगुरूला कोणी फारसा दोषही दिला नसता. या पार्श्वभूमीवर मनोऱ्याकडे पाहिले म्हणजे त्याचा अर्थ बदलतो. तो एक रात्र, दोन रात्री तग धरण्यापुरताच होता. खरे सैन्य तेथे वेढा घालून बसले असते, तर अन्नपाणी केव्हाच संपले असते. लुटारूंच्या टोळीला घाई असते, दगडी भिंत फोडण्यात ती वेळ दवडत नाही. एवढ्या हिशेबावर तो उभा होता. टोळी निघून गेली की दार उघडावे, रानातून परतलेल्या लोकांमध्ये यावे, मेलेल्यांना मूठमाती द्यावी, तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यावा, आणि लपवून राखलेल्या प्याल्याने मिस्सा अर्पावी, यासाठी तो होता. हेक्समला मिस्साग्रंथ गेल्यामुळे मिस्सा अर्धीच राहिली. कॉर्ब्रिजला ती पुरी व्हावी यासाठी या भिंती होत्या, असे आम्हांला वाटते. पळून न जाता राहता यावे म्हणून बांधलेले ते घर होते.

अर्थात या अर्थाला एक अट आहे. टोळी गेल्यावर दार उघडले गेले पाहिजे. उघडलेच नाही, तर तोच मनोरा धर्मगुरूची कबर ठरेल.

त्या लोखंडी जाळीच्या दाराला हात लावताना आम्हांला आमचेच एक दार आठवले, ते येथे सांगणे उचित होईल. तरुणपणी आम्ही ज्या धर्मग्रामात होतो, तेथे एकदा दानपेटी फोडली गेली. आम्ही तातडीने धर्मगुरुनिवासाला लोखंडी जाळीचा दरवाजा बसवून घेतला आणि निजण्याची खोली मागच्या बाजूस नेली. पावसाळ्यातील एका रात्री दूरच्या वस्तीवरून एक वृद्ध गृहस्थ चालत आले. त्यांची पत्नी अत्यवस्थ होती. त्यांनी जाळी वाजवली, हाका मारल्या. पावसाच्या आवाजात आम्हांला काहीही ऐकू आले नाही. पहाटे देवदूताच्या प्रार्थनेची घंटा देण्यास बाहेर पडलो, तर ते पायरीवर छत्री मिटून बसलेले. तोवर त्यांचा मुलगा निरोप घेऊन येऊन गेला होता. बाई तेलाभ्यंगावाचून गेल्या होत्या. आम्ही काही बोलण्याआधी तेच म्हणाले, "फादर, वीज गेलेली, बेल वाजली नाही. तुमचा काय दोष?"

त्यांनी आम्हांला क्षमा केली. त्याच आठवड्यात आम्ही जाळीबाहेर दोरी सोडून आमच्या उशाशी एक पितळी घंटा टांगून घेतली. पुढे ज्या ज्या धर्मग्रामात गेलो, तेथे पहिल्या दिवशी हेच काम केले. जाळी आम्ही काढली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चोर खरेच होते. परंतु बाहेरच्या माणसाच्या हाती दोरी असल्यावाचून आतल्या माणसाने कडी लावू नये, एवढे आम्ही शिकलो.

कॉर्ब्रिजच्या मनोऱ्याची उरलेली कथा थोडक्यात सांगता येईल. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने मठ बंद करण्याचा सपाटा लावला. सप्टेंबर १५३६मध्ये राजाचे अधिकारी हेक्समला पोहोचले तेव्हा मठाचे दरवाजे बंद होते आणि चिलखत घातलेले धर्मबंधू मठाच्या उंच भागावर उभे होते. पुढील वर्षी तो मठ बंद झालाच. कॉर्ब्रिजचे चर्च नव्या राष्ट्रीय चर्चकडे गेले, आणि आजही ते अँग्लिकन बंधुभगिनींचे उपासनास्थान आहे. व्हिकर मात्र मनोऱ्यातच राहत होते, कारण सीमेवरील टोळ्यांचा उपद्रव थांबला नव्हता. १६०३मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स हाच इंग्लंडच्याही गादीवर आला आणि तीनशे वर्षे धुमसणारी सीमा दोन्ही राज्यांच्या मध्यभागी आली. त्यानंतर लवकरच, सतराव्या शतकाच्या आरंभी, व्हिकर मनोरा सोडून साध्या घरात राहावयास गेले. १९१०मध्ये नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकनी मनोऱ्याची दुरुस्ती करवली. एकविसाव्या शतकात तेथे एक लहानसे मद्यगृहही थाटले गेले. काही वाचकांना हे रुचणार नाही. आम्हांला मात्र त्याचे वाईट वाटले नाही. ज्या दारापाशी कधी काळी भाले रोखले गेले, त्याच दारातून शेजारीपाजारी गप्पा मारण्यासाठी आत जातात, आणि त्यांच्यात स्कॉटलंडहून आलेला एखादा प्रवासीही असेल.

परतताना आमचे यजमान विचारीत होते की एवढ्याशा मनोऱ्यात फादरांना इतका वेळ पाहण्यासारखे काय सापडले. आम्ही त्यांना पितळी घंटेची हकिकत सांगितली. ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ती घंटा आमच्या आजीच्या वेळी वाजली होती, फादर. तुम्ही आला होता."

आम्हांला ती रात्र आठवत नव्हती. आम्ही मनोमन प्रभूचे आभार मानले.